अर्ध्या तासानं पुन्हा सुरू हो

कॉलेजात त्यांना सगळे नेटसाहेब म्हणत. यातलं साहेब नुसतं म्हणण्यापुरतं होतं. त्यांना केबिन नव्हती, हाताखाली माणूस नव्हतं, आणि त्यांची सही लागेल असा कागद वर्षातून एखादाच त्यांच्याकडे फिरकायचा. दुसऱ्या मजल्यावर मागच्या जिन्याला लागून एक खोली होती. पूर्वी तिथे झाडू आणि फिनेलचे डबे ठेवत. डबे गेले, नेटसाहेब आले, वास मात्र तिथेच राहिला. भिंतीला टेकून माणसाच्या उंचीचं एक लोखंडी कपाट, ज्याला ते रॅक म्हणत. समोर टेबल, टेबलावर स्क्रीन, आणि पाठ टेकली की कुरकुरणारी खुर्ची. त्या खुर्चीत त्यांनी बावीस वर्षं काढली होती, आणि आता खुर्ची कुरकुरते की पाठ, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

त्यांचं काम काय, हे कॉलेजात फार थोड्यांना ठाऊक होतं. स्विच सांभाळतो म्हटलं की माणसं भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे बघत. सासूबाई तर शेवटपर्यंत शेजारणींना सांगत होत्या, जावई मोठ्या कॉलेजात दिवे लावतो. त्यांचा स्विच म्हणजे वायरी खोचायची एक बसकी, लांबट पेटी. इमारतीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरची वायर शेवटी अशा कुठल्यातरी पेटीत येते आणि पेटी एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवते. दुकानात मिळते ती साधी पेटी बिनडोक असते, वायर खोचली की झालं. नेटसाहेबांच्या पेट्या शिकवाव्या लागणाऱ्या होत्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरांनी आपसात बोलायचं, मुलांशी नाही. परीक्षेच्या कॉम्प्युटरांनी फक्त परीक्षेच्या सर्व्हरशी बोलायचं, इतर कुणाशी नाही. एकाच पेटीत असे कप्पे पाडायचे आणि एकाचं पाणी दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. अशा एकतीस पेट्या, आणि त्यांतल्या प्रत्येक भोकापुढे नेटसाहेबांनी पेटीच्या पोटात नाव लिहून ठेवलं होतं. नियमाप्रमाणे खोली क्रमांक पुरला असता. यांनी लिहिलं होतं, 'ग्रंथालय, खिडकीजवळचं, बाई स्वतः वापरतात' किंवा 'प्रयोगशाळा तीन, उंदरानं कुरतडलेली, दोनदा बदलली'. हे कुणी वाचणार नव्हतं. पण माणसाला कुठेतरी नीटनेटकं राहावंसं वाटतं.

बाकी वाट्याला यायचं ते खापर. प्रोजेक्टर लागला नाही, नेटसाहेब. हजेरीच्या यंत्राला अंगठा पटला नाही, नेटसाहेब. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हाही आतून एका प्राध्यापकांनी पहिला फोन यांनाच केला होता. सुरुवातीला ते समजावून सांगत, की हे माझ्याकडे येत नाही. पुढे समजावणंही जिवावर आलं. "बघतो" म्हणायचे, जाऊन बघायचे, नसलेली चूक पदरात घेऊन परत यायचे.

त्यांचा थकवा आजारपणाचा नव्हता. आजारपण परवडलं, निदान रजा तरी मिळते. हा थकवा झोपून उठलं तरी उशाशी बसलेला असायचा. घरी एक्याऐंशी वर्षांचे वडील. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका, सकाळी साडेसहालाच बाहेर पडायची. मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात. म्हणजे दिवसभर घरात बाबा एकटे आणि त्यांच्या हाताशी फोन. वर्तमानपत्र आलं नाही. खिडकी लागत नाही. दारावर कुणीतरी आलं होतं, मी उघडलं नाही, बरोबर केलं ना? दिवसाला सात-आठ फोन ठरलेले. त्यात बाबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे यांना ओरडावं लागे, आणि ओरडलं की शेजारच्या वर्गातून बाई डोकावत. मग नेटसाहेब फोन आला की उठून मागच्या जिन्यात जात. बोलणं एकच. "हो बाबा. ठीक आहे बाबा. मी आल्यावर बघतो." दोन मिनिटांत आटपून परत. आपण तोडून बोलतो हे त्यांना कळायचं, आणि ते कळण्याचाही कंटाळा आला होता.

कॉलेजात त्यांच्याशी माणसासारखं बोलणारा माणूस म्हणजे वायरमनदादा. हे त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, कंत्राटावरचे. एजन्सी दर वर्षी त्यांचं नाव पुढे पाठवायची आणि कॉलेज दर वर्षी ते मंजूर करायचं, असं सतरा वर्षं चाललं होतं. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ते टेस्टर डोळ्यांजवळ नेऊन बघत, आणि ऑफिसातली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत. दादांचे हात मात्र असे होते की पॅनल उघडल्यावर ते वायरींना हात लावण्याआधी क्षणभर थांबत, देवघरात शिरताना थांबावं तसे. दुपारी दोघं नेटसाहेबांच्या खोलीत डबा उघडून बसत. दादा म्हणत, "तुमच्या खोलीत जेवलं की जेवणही निर्जंतुक होतं." हा विनोद आठवड्यातून एकदा तरी व्हायचा आणि नेटसाहेब प्रत्येक वेळी हसायचे.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

या पेट्यांना बदल सांगितला की त्या तो लगेच अमलात आणतात, पण लक्षात ठेवत नाहीत. लक्षात ठेव, म्हणजे सेव्ह कर, असं वेगळं सांगावं लागतं. सेव्ह केलं नाही आणि पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली, तर ती नवं सगळं विसरते आणि जुन्यावर जाते. नेटसाहेबांच्या धंद्यातली माणसं या विसराळूपणाचाच उपयोग करतात. दूर बसून बदल करताना कधी कधी अशी आज्ञा दिली जाते की पेटी ती देणाऱ्यालाच ओळखेनाशी होते. मग ती उघडायला प्रवास करून तिच्यापाशीच जावं लागतं. पहिल्या नोकरीत नेटसाहेब एका चुकलेल्या ओळीपायी सात तास बसमध्ये बसून गेले होते आणि एक मिनिटाचं काम करून सात तास परत आले होते. तेव्हा त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं, की धोक्याचा बदल करण्याआधी पेटीला सांगून ठेवायचं, 'अर्ध्या तासानं स्वतःहून बंद हो आणि पुन्हा सुरू हो.' मग बदल करायचा. बिघडलं तर हात बांधून बसायचं, अर्ध्या तासानं पेटी आपोआप जुन्यावर येते. आणि बदल नीट झाला, तर आधी ती आज्ञा रद्द करायची, मग सेव्ह करायचं. रद्द करायला विसरलात तर, उस्ताद म्हणाले होते, स्वतःच्या हातानं स्वतःचं घर पाडाल. बावीस वर्षांत नेटसाहेब एकदाही विसरले नव्हते.

त्या दिवशी दहा वाजता मोठ्या हॉलमध्ये प्रवेशपरीक्षा होती. सत्तर मुलं, सत्तर कॉम्प्युटर. नऊ पस्तीसला प्राचार्यबाई स्वतः वर आल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"नेटसाहेब, दहा मुलं जास्तीची पाठवलीयेत त्यांनी. शेजारच्या खोलीत बसवते. तेवढे दहा कॉम्प्युटर परीक्षेला जोडून द्या."

"बाई, परीक्षेच्या तोंडावर या पेटीला हात लावू नये."

"मुलांना परत पाठवू का मग?"

नेटसाहेब स्क्रीनकडे वळले. शेजारच्या खोलीच्या दहा वायरी वेगळ्या कप्प्यात होत्या, त्या परीक्षेच्या कप्प्यात आणायच्या आणि मधली वाटही बदलायची. नऊ चाळीसला त्यांनी पेटीला अर्ध्या तासाची आज्ञा दिली आणि कामाला लागले. सात मिनिटांत काम झालं. शेजारच्या खोलीतून निरोप आला, दहाही कॉम्प्युटरांवर परीक्षेचं पान उघडलं. रद्द करण्याची आज्ञा टाइप करायला बोटं कीबोर्डवर ठेवली आणि फोन वाजला. बाबा.

"अरे, बाथरूमचा नळ बंदच होत नाही. पाणी बाहेर यायला लागलंय."

नेटसाहेब उठून जिन्यात गेले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, ओली फरशी, घरात कुणी नाही. या खेपेला "आल्यावर बघतो" म्हणून चालणार नव्हतं. "बाबा, आधी चप्पल घाला. भिंत धरा. स्वयंपाकघरात ओट्याखाली एक लाल कॉक आहे. लाल. नाही, तो निळा. लाल." असं करत करत पंधरा मिनिटं गेली. शेवटी पलीकडून आवाज आला, "थांबलं रे." त्या आवाजात इतका आनंद होता, की नेटसाहेब जिन्याच्या पायरीवर बसले. बाबांना बोलायचं होतं. जुन्या घरातल्या नळाचं बोलले, आईचं बोलले, कधी नव्हे ते हसले. कित्येक महिन्यांत नेटसाहेबांनी त्यांना असं शेवटपर्यंत बोलू दिलं नव्हतं. वर खोलीत, कुणी बघत नसलेल्या स्क्रीनवर, पेटी एकेक ओळ लिहून बजावत होती. पाच मिनिटं उरली. एक मिनिट उरलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी हॉलमधून गलका उठला.

नेटसाहेब धावत आले तेव्हा रॅकमधली हॉलची पेटी आंधळी झालेली होती, एकही हिरवा ठिपका नाही. खोलीच्या दारासमोर, व्हरांड्यातल्या भिंतीवरच्या पॅनलपाशी, वायरमनदादा उभे होते. पॅनल उघडं, हातात स्क्रू ड्रायव्हर, चेहरा पांढराफटक. रॅकला जाणाऱ्या लाइनशेजारचा एक स्क्रू सैल होऊन तापत होता, तो ते आवळत होते. रॅकखालच्या यूपीएसची बॅटरी वर्षापूर्वीच गेली होती आणि नवीन बॅटरीचा अर्ज ऑफिसात झोपला होता, त्यामुळे लाइनला साधा झटका बसला तरी पेटी बंद पडेल हे दादांना माहीत होतं. प्राचार्यबाई धापा टाकत वर आल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, पॅनलकडे पाहिलं, स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं.

"तुम्ही आता इथे काय करत होतात?"

"स्क्रू आवळत होतो बाई," दादा म्हणाले. मग थोडं थांबून, "हात लागला असेल."

पाच मिनिटांनी पेटी सुरू झाली. सत्तर कॉम्प्युटर परत आले, शेजारच्या खोलीतले दहा आले नाहीत. पेटी त्यांना विसरली होती. आणि त्या क्षणी नेटसाहेबांना रद्द करायची राहिलेली ती आज्ञा आठवली. त्यांनी पेटीला विचारलं, शेवटची बंद का झालीस? वीज गेली असती तर तिनं तसं लिहिलं असतं. तिनं लिहिलं होतं, दिलेल्या आज्ञेवरून. त्यांनी ती ओळ वाचली, स्क्रीनवरून घालवली, आणि दहा कॉम्प्युटर दोन मिनिटांत पुन्हा जोडून दिले.

"नेटसाहेब होते म्हणून एवढ्यात झालं," परीक्षेचे निरीक्षक म्हणाले.

तीन मुलांची उत्तरं गेली होती. नियमाप्रमाणे सगळ्यांची परीक्षा रद्द झाली, पुढच्या रविवारी पुन्हा. ऐंशी मुलं उतरलेल्या चेहऱ्यांनी पायऱ्या उतरून गेली. त्यांतली काही पहाटेची निघून आली होती. त्यांची माफी कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

दुपारी ऑफिसातून नेटसाहेबांच्या खोलीत चहा आला. असा चहा बावीस वर्षांत आला नव्हता. मोठे लिपिक स्वतः म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो. तुमची काय चूक? त्याला दिसत नाही नीट, आम्ही कधीपासून म्हणतोय." नेटसाहेब चहा प्यायले. खरं सांगायचं तर तो चहा त्यांना बरा लागला, आणि हे मी लपवणार नाही. बावीस वर्षं न केलेल्या चुकांचं ओझं वाहिलेल्या माणसाला एक केलेली चूक कुणीतरी परस्पर उचलून नेली, तर त्याला हायसं वाटणारच. वाईट वाटायला संध्याकाळ उजाडली.

बाईंनी पेटी बंद पडण्याचं कारण लेखी मागितलं. नेटसाहेबांनी लिहिलं, 'स्विच रीस्टार्ट झाल्यामुळे संपर्क तुटला.' अक्षर न् अक्षर खरं. खोटं शोधायला गेलात तर सापडणार नाही. असं वाक्य लिहायला माणूस किती हुशार आणि किती दमलेला असावा लागतो. सही करताना त्यांचा हात जरासाही अडखळला नाही, याचीच पुढे त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दादा डबा घेऊन आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पण डबा न उघडता बसून राहिले.

"साहेब, एक विचारू? ती पेटी सगळं लिहून ठेवते म्हणता ना तुम्ही. वीज नेमकी कितीला गेली, किती वेळ गेली, ते तिला विचारता येतं का?"

"कशाला?"

"मला आठवत नाहीये. मी स्क्रू आवळला हे आठवतं. शेजारच्या वायरीला हात लागला, हे काही केल्या आठवत नाही. पण लागला असणार. नाहीतर ती बंद कशी पडेल?" ते आपल्या उजव्या हाताकडे असं बघत होते, जसं उसनं आणलेल्या हत्याराकडे बघावं. "डोळ्याचं मी समजू शकतो. डोळा म्हातारा झालाय. पण हाताला कळायला हवं होतं ना? एकोणचाळीस वर्षांत हातानं कधी दगा दिला नाही."

"बघतो," नेटसाहेब म्हणाले. तोच शब्द तोंडातून निघाला.

"बघा सवडीनं. तशी आता घाई नाही. मी लिहून दिलंय कालच, माझ्या हातून झालं म्हणून. एजन्सी शुक्रवारी दुसरा माणूस पाठवतेय." दादा उठले. दारात थांबून म्हणाले, "तुम्हाला त्रास झाला माझ्यामुळे. सांगायचं राहून गेलं."

त्या संध्याकाळी घरी बायको मुलांच्या वह्या तपासत बसली होती. नेटसाहेबांनी तिला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, बूटही न काढता. तिनं लाल पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"लगेच."

"मग तीन दिवस काय करत होतात?"

"मी दमलोय गं," नेटसाहेब म्हणाले. "प्रत्येक गोष्ट माझ्यावर येते. एक गोष्ट नाही आली."

आतल्या खोलीत बाबांचा रेडिओ मोठ्यानं चालू होता. मग ती म्हणाली, "दमलात हे मला दिसतं. मीही दमलेय. पण ते दादा काही आपल्या दमण्याला टेकू म्हणून उभे नाहीयेत." आणि वही पुढे ओढून घेतली.

चौथा दिवस म्हणजे गुरुवार. सकाळी नेटसाहेबांनी पेटीची ती ओळ कागदावर छापून घेतली, तिच्याखाली साध्या भाषेत अर्थ लिहिला, आणि कागद प्राचार्यबाईंपुढे ठेवला. बाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि त्यांच्याकडे मायेनं पाहिलं.

"नेटसाहेब, तुमचं मन मोठं आहे. तुम्ही दोघं रोज एकत्र जेवता, सगळ्यांना माहितीये. पण त्यांनी स्वतः कबूल केलंय."

"बाई, त्यांना वाटतंय तसं. झालं नाही तसं. चूक माझी आहे."

"हा कागद तुमच्याच पेटीतून तुम्हीच काढला. यात काय लिहिलंय ते तुमच्याशिवाय इथे कुणाला कळतं?"

नेटसाहेबांना हसू आलं. आयुष्यभर ज्या चुका त्यांच्या नव्हत्याच, त्या सगळ्या लोकांनी बिनतक्रार त्यांच्या नावावर टाकल्या. आणि ही एक त्यांची स्वतःची, पुराव्यासकट, तर कुणी घ्यायला तयार नाही.

"दहा मिनिटं द्या मला," ते म्हणाले. "हॉल रिकामा आहे. वर या. मोठ्या लिपिकांना घेऊन या. आणि दादांना बोलवा."

अकरा वाजता सगळे त्या फिनेलच्या वासाच्या खोलीपाशी जमले. जागा पुरेना म्हणून मोठे लिपिक दारात उभे राहिले. दादांना वाटलं, पॅनल ताब्यात द्यायला बोलावलंय. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा बरोबर आणला होता. नेटसाहेबांनी त्यांना व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं.

"तिथेच थांबा दादा. काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

"पॅनल बंद आहे, साहेब."

"बंदच राहू दे."

मग नेटसाहेब खुर्चीत बसले आणि बाईंना दिसेल असा स्क्रीन वळवून त्यांनी एक ओळ लिहिली. "हिला सांगितलंय, पाच मिनिटांनी स्वतःहून बंद हो. त्या दिवशी मी अर्धा तास दिला होता. काम झाल्यावर हे रद्द करायचं असतं. मी फोनवर होतो, विसरलो. आता कुणी कशाला हात लावायचा नाही. बघत राहायचं."

पाच मिनिटं फार मोठी असतात. मोठ्या लिपिकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाई पेटीवरच्या हिरव्या ठिपक्यांकडे एकटक बघत होत्या, शाळेतल्या मुलीला उकळी फुटेपर्यंत पातेल्यापाशी उभं केल्यासारख्या. नेटसाहेबांनी हात मांडीवर ठेवले होते. खिशातला फोन एकदा थरथरला, बाबा असणार. त्यांनी तो काढला नाही. व्हरांड्याच्या टोकाला दादा भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांना आतलं बोलणं ऐकू जात नव्हतं, आणि आपल्याला इथे का उभं केलंय हेही त्यांना कळत नव्हतं.

मग पेटीवरचे सगळे ठिपके एकदम विझले. तिच्या पंख्याची घरघर थांबली, आणि त्या शांततेत बाई "अगंबाई" म्हणाल्या.

ती शांतता दादांनी ओळखली. चार दिवस तीच त्यांच्या डोक्यात बसली होती. त्यांनी दोन्ही हात वर केले, खांद्यांच्या वर, बोटं पसरून, किल्ल्यांचा जुडगा एका बोटाला लटकत होता.

"मी हात लावला नाही," ते तिथूनच म्हणाले. "बाई, मी लांब उभा आहे. मी नाही लावला हात."

नेटसाहेब उठले, लिपिकांना बाजूला करून व्हरांड्यात आले आणि त्यांच्यापर्यंत चालत गेले.

"माहितीये दादा. मी केलं. त्या दिवशीही मीच केलं होतं. तुमचा हात कुठेच लागला नव्हता."

दादांनी हात हळूहळू खाली घेतले. त्यांनी नेटसाहेबांकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं, परत नेटसाहेबांकडे.

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच दिवशी. सव्वादहाला."

"मी काल विचारायला आलो, तेव्हाही माहिती होतं?"

"हो."

बाई पुढे आल्या. एजन्सीला आजच कळवते, तुमचं पत्र परत देते, तुम्ही कुठे जायचं नाही, असं त्या घाईघाईनं म्हणाल्या. नेटसाहेबांकडे न बघता, तुमचं आपण नंतर बघू, असंही म्हणाल्या. दादांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते उजव्या हाताची बोटं मिटत होते, उघडत होते.

"घरी चार दिवस मी दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावला नाही साहेब," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "अंधार पडला की बसून राहायचो. बायको येऊन लावायची."